आम्ही बाळ उठायची वाट बघत होतो, डॉक्टर झोपायची

आमच्या मुलाला आता 14 महिने झाले. हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं पण हात होत नव्हता. मागच्या आठवड्यात गावातल्याच एका पोराचा फोन आला, त्याचं बाळ मिरजेला एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत आहे, आणि पहिलाच प्रश्न त्यानं विचारला, "दादा, बाळ नुसतं झोपूनच आहे, डोळं कधी उघडंल?" मला एकदम सगळं आठवलं. मी पण अगदी हेच विचारलं होतं.

मी तासगावजवळ बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला ऑपरेटर आहे. रात्रपाळी जास्त. काम म्हणजे चेंबरचं टेंपरेचर बघायचं, दर तासाला वहीत लिहायचं, 4-5 डिग्रीच्या वर सरकायला लागलं की कंप्रेसर बघायचा. हे सांगायचं कारण पुढं येईल.

बाळाचा जन्म पहाटे 3 वाजून 10 मिनिटांनी झाला, आदल्या दुपारपासून कळा चालू होत्या, मग रात्री ठोके कमी झालेत म्हणून एकदम पळापळ आणि सिझर. ठोके नक्की कधीपासून कमी होते हे मला आजपर्यंत कुणी नीट सांगितलेलं नाही आणि तो राग माझ्या मनातून गेलेला नाही, पण ते जाऊ दे. बाळ बाहेर आलं ते रडलंच नाही. मी दाराबाहेर उभा, आतून नुसतं पिशवीनं श्वास देतात त्याचा फसफस आवाज येतोय. अपगार म्हणून मार्क देतात बाळाला, 10 पैकी, 10 व्या मिनिटाला पण आमच्या बाळाला 5 च होते. तिथल्या डॉक्टरांनी लगेच सांगितलं, मिरजेला हलवा, 6 तासाच्या आत पोचायला पाहिजे. बायको टेबलावर, टाके घालायचे चाललेले, तिनं बाळाचं तोंड पण बघितलं नव्हतं. मी तिला काय सांगितलं ते मला आठवत नाही. 108 आली आणि मी बाळाबरोबर बसलो. पावणेसहाला मिरजेत होतो.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी तपासलं, रक्त घेतलं आणि मला बाजूला बसवून सांगितलं की जन्मताना मेंदूला ऑक्सिजन आणि रक्त कमी पडलंय, एचआयई म्हणतात, मध्यम प्रकारचा आहे. यावर कूलिंग करतात, म्हणजे बाळाचं अंग 33.5 डिग्रीवर आणून 72 तास तिथंच ठेवायचं, म्हणजे मेंदूत पुढं होणारं नुकसान कमी होतं, आणि ते 6 तासाच्या आत सुरू करायला लागतं. पण त्यांनी दुसरी बाजू पण सांगितली. 2021 साली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या बाळांवर झालेला मोठा अभ्यास छापून आला, हेलिक्स नावाचा, 400 वर बाळं होती, त्यात कूलिंगचा फायदा दिसला नाही, उलट गार केलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले. म्हणून आपल्याकडं डॉक्टरांच्यात यावर मतभेद आहेत. श्रीमंत देशातल्या अभ्यासात फायदा स्पष्ट दिसलाय. आमच्याकडं व्हेंटिलेटर आहे, ब्रेन मॉनिटर आहे, बाळ वेळेत आलंय, म्हणून आम्ही करावं म्हणतोय, पण सही तुम्ही समजून करा.

समजून काय करणार हो पहाटे सहाला. पण त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या म्हणूनच मला विश्वास बसला आणि मी सही केली. बाळाखाली मेणासारख्या पदार्थाचा थर असलेली गादी, वॉर्मर बंद, आणि काचेपलीकडं माझं बाळ नुसत्या लंगोटावर. आईला फोनवर सांगितलं तर ती रडायला लागली, "अरं ओल्या बाळाला गार ठेवत्यात व्हय? दुपट्यात गुंडाळायचं सोडून?" तिला मी काय समजावणार, मलाच कसं तरी होत होतं.

त्याच दिवशी दुपारी झटके आले. झटके म्हणजे मला वाटायचं अंग थाडथाड उडतं. तसं नव्हतं. ओठ चाटल्यासारखं करत होता आणि पाय सायकल मारल्यासारखे हलवत होता, मला तर बरं वाटलं की चला हालचाल तरी सुरू झाली. सिस्टरनी बघितलं आणि पळत आली. फेनोबार्ब म्हणून झटक्याचं औषध दिलं, वजनाच्या किलोला 20 मिलिग्रॅम असं काहीतरी बोलले. त्यानंतर बाळ एकदम शांत. मी म्हणलं, झोपला वाटतं. मॅडम म्हणाल्या, "दादा, ही झोप नाही. हा शुद्धीत नाहीये. झोप येईल तेव्हा मी तुम्हाला दाखवीन."

हे वाक्य मला तेव्हा कळलंच नाही. झोप दाखवणार म्हणजे काय? डोळे मिटून पडलेलं बाळ समोर आहे की.

डोक्याला वायरी चिकटवलेल्या होत्या आणि त्या जिथं जात होत्या तो ब्रेन मॉनिटर. त्याच्यावर एक पट्टा चालत असतो, डावीकडून उजवीकडं, एकदम सावकाश, तासाला 6 सेंटिमीटर. म्हणजे उभं राहून बघितलं तर हलताना दिसत पण नाही, पण चहा पिऊन आलं की पुढं सरकलेला असतो. कोल्ड स्टोरेजला आमच्याकडं जुना गोल कागदाचा रेकॉर्डर होता, तो अगदी असाच चालायचा, त्यामुळं मला ते बघायची सवय होती. मी विचारत गेलो आणि सिस्टर, निवासी डॉक्टर सांगत गेले. पट्ट्याची खालची कड 5 मायक्रोव्होल्टच्या वर आणि वरची 10 च्या वर असली की बरं. आमच्या बाळाची खालची कड 3-4 वर घुटमळायची. आणि मुख्य म्हणजे पट्टा सपाट. एकसारखा. निरोगी बाळाचा पट्टा तसा नसतो म्हणे, तो रुंद होतो, अरुंद होतो, परत रुंद होतो. बाळ शांत झोपेत गेलं की मेंदूचं काम थांबत थांबत, झुळकी आल्यासारखं चालतं, तेव्हा पट्टा रुंद होतो. जागं असलं किंवा दुसऱ्या प्रकारच्या झोपेत असलं की पट्टा अरुंद. असा चढ-उतार दिसायला लागला की समजायचं मेंदू आपल्याआपण झोपायला आणि उठायला लागला.

मॅडमनी राउंडला सांगितलेलं मी माझ्या शब्दात लिहितोय: झोप हे मेंदूला करायला लागणारं काम आहे. कुठला भाग कधी चालवायचा, कधी मंद करायचा, हे सगळं जुळून आल्याशिवाय खरी झोप लागत नाही. ज्या बाळांना गार केलेलं नसतं त्यांच्यात साधारण 36 तासाच्या आत हा चढ-उतार परत आला तर पुढची वाढ चांगली व्हायची शक्यता जास्त असते, गार केलेल्या बाळात उशीर लागतो, आणि फेनोबार्बनं पण तो दबतो. म्हणून लगेच दिसला नाही तर खचू नका. आणि दिसला म्हणजे गॅरंटी मिळाली असं पण नाही.

बाहेर सगळे नातेवाईक डोळं कधी उघडंल म्हणून देवाला हात जोडून बसलेले आणि मी एकटा काचेला टेकून पोरगं खरं झोपायची वाट बघतोय, असे 3 दिवस काढले.

72 तास संपले की गरम करायचं, पण ते पण एकदम नाही, तासाला जास्तीत जास्त अर्धा डिग्री. हे मात्र मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. बेदाण्याची पेटी गार चेंबरमधनं एकदम उन्हात काढली की माल घाम सोडतो, चिकट होतो, रंग जातो. आम्ही पण मधल्या खोलीत ठेवून मगच बाहेर काढतो. बाळाचं कारण वेगळं असतं, एकदम गरम केलं तर बीपी पडतं, झटके परत येऊ शकतात. पण त्या दिवशी 33.5, 33.9, 34.4 असे आकडे बघताना मला पहिल्यांदा वाटलं की हे काम मला येतं. मी खिशातली छोटी वही काढली आणि लिहायला लागलो. संध्याकाळपर्यंत 36.5 झालं. नोंदी सगळ्या आहेत माझ्याकडं.

पट्टा अजून सपाटच होता.

पाचव्या दिवशी बायकोला डिस्चार्ज देऊन मेहुण्यानं मिरजेला आणली. टाके ओले, धड उभं राहता येत नव्हतं, तशीच आत गेली आणि पहिल्यांदा बाळ बघितलं. तिनं काही विचारलं नाही, नुसता पायाचा अंगठा धरून उभी राहिली. त्या दिवशी आमची पाचवी. आई गावाकडं होती, तिनं फोन करून सांगितलं की तुम्ही तिकडं काय करू नका, मी इथं पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवते, सटवाई जिथं बाळ असंल तिथं जाती. मी रात्री परत काचेपलीकडं.

रात्री 2 च्या सुमाराला नाईटच्या सिस्टरनी मला हातानं खुणावून आत बोलावलं. मॉनिटरवर बोट ठेवलं. पट्टा साधारण 20-25 मिनिटं रुंद झाला होता, मग निमुळता होत आला होता. एकच. एखाद्या दोरीला गाठ पडावी एवढाच. ती म्हणाली, "अजून एक यायला पाहिजे, एकावर धरू नका." मी तिथंच उभा राहिलो. पावणेतीनपासून परत रुंद व्हायला लागला. मी वहीत लिहिलं, 2.45 ला सुरू. पुढचं अक्षर माझं मलाच लागत नाही.

सकाळी मॅडमनी सगळा रात्रीचा पट्टा मागं नेऊन बघितला आणि म्हणाल्या, "बघा, आता झोपला तुमचा मुलगा." मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "कागद कोराच हाय बाबा हितं." म्हणलं, असू दे, इथं लिहिलंय.

इथून पुढं खरं तर आमची ड्युटी सुरू झाली. तोपर्यंत आम्ही काय करायचो तर आत सोडलं की गालाला हात लाव, नाव घेऊन हाक मार, तळपायाला गुदगुल्या कर. बाळानं तोंड वाकडं केलं, पापण्या फडफडल्या, हात उडाला की उठला उठला म्हणून अजून हाका. एकदा मोठ्या सिस्टरनी माझा हात अलगद बाजूला केला आणि म्हणाली, "बाबा, हा जागा नाही, झोपलाय. हलतोय म्हणजे जागा असं नसतं."

नवजात बाळाची झोप आपल्यासारखी नसते. पूर्ण दिवस भरून जन्मलेलं बाळ 24 तासात 16-17 तास झोपतं आणि त्यातली जवळपास निम्मी झोप ॲक्टिव्ह स्लीप. त्यात पापण्यांच्या आत बुबुळं फिरतात, श्वास कमीजास्त होतो, तोंडाच्या सगळ्या तऱ्हा होतात, बोटं उडतात, मधेच कण्हल्यासारखं करतं. दुसरी शांत झोप, क्वाएट स्लीप, त्यात श्वास एकसारखा, चेहरा निवांत. एक फेरा 50-60 मिनिटांचा. आपण मोठी माणसं आधी गाढ झोपेत जातो, बाळ बहुतेक वेळा आधी ॲक्टिव्हमध्ये जातं, म्हणून कडेवर झोपलेलं बाळ खाली ठेवलं की लगेच उठतं. आणि या ॲक्टिव्ह झोपेतच मेंदूची जोडणी भरपूर चालते. निवासी डॉक्टर पोरगा फार हौसेनं सांगायचा, उंदराच्या पिल्लांवर अभ्यास झालेत, झोपेत पाय उडतो ना, त्याचा निरोप परत मेंदूला जातो आणि मेंदूला कळतं की हा पाय माझा, हा इथं आहे. म्हणजे आम्ही ज्याला जागं झालं समजून हाका मारत होतो तेव्हा ते बाळ कामात होतं. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं. कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर!

मग मी वहीत वेगळा रकाना पाडला. वेळ, श्वास एकसारखा का कमीजास्त, पापण्या हलतात का, कुणी हात लावला, कशासाठी. दोन दिवसाची वही मॅडमनी मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. त्यात दिसत होतं की बाळाला सलग 1 तास कुणी हात लावला नाही अशी वेळ दिवसभरात दोनदाच आलीय. शुगरला टाच टोचायची, अर्ध्या तासानं बीपी, मग लंगोट, मग तापमान, मग एक्स-रेवाला. कुणाचं चुकत होतं असं नाही, प्रत्येकजण आपलं काम करत होता. त्यांनी सिस्टरना सांगितलं की तातडीचं सोडून सगळं एकत्र करा, आणि बाळ आपोआप चुळबुळायला लागेल तेव्हा करा. पेटीवर जाड कापड आलं, बाजूनं दुपट्याची गुंडाळी करून घरट्यासारखं केलं. आवाजाचं पण तसंच. नवजात बाळांच्या आयसीयूत 45 डेसिबलच्या आत आवाज असावा असं सांगतात, मी मोबाईलवर ॲप घेऊन मोजलं तर 60 च्या वर दाखवायचं. स्टीलच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण पडलं की पलीकडच्या बाळाचे हात छातीवर उडायचे. त्या डब्याला मी रबराची पट्टी आणून लावली, कोल्ड स्टोरेजच्या दाराला लावतो तसली. सिस्टरनी पण काही हरकत घेतली नाही, त्यांनाच तो आवाज नको झाला होता.

आठव्या दिवशी व्हेंटिलेटर निघाला होता, दूध नळीनं चालू होतं, आणि बायकोला कांगारू द्यायला सांगितलं. टाक्याला लागंल म्हणून ती भीत होती. आरामखुर्चीत तिच्या छातीवर उघडं बाळ ठेवलं, वरनं शाल. दीड तास. माझ्या वहीत त्या दीड तासाची एकच ओळ आहे, कारण लिहायला काही घडलंच नाही, श्वास एकसारखा. आणि शेवटी शेवटी बाळ हसलं. ओठाचा एक कोपरा वर गेला बस. बायको खुसफुसली, "सटवाई हसवतीय." लहानपणापासून ऐकतोय आपण, बाळ झोपेत हसलं की सटवाई हसवते, रडलं की तीच रडवते. शेजारी निवासी डॉक्टर उभा होता, तो म्हणाला हो, हीच ॲक्टिव्ह स्लीप. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी ही झोप नीट बघून ठेवलेली होती, नाव तेवढं वेगळं दिलेलं.

एमआरआय त्या आधीच झाला होता. मेंदूच्या आतल्या भागात थोडे बदल आहेत असं आलं. थोडे म्हणजे किती, पुढं काय, याचं उत्तर मिळालं नाही, वाढ बघत जायचं एवढंच. सतराव्या दिवशी वाटी-चमच्यानं आणि थोडं अंगावर पिऊन घरी सोडलं. फेनोबार्ब घरी जायच्या आधीच बंद केलं होतं.

घरी गेल्यावर दोन गोष्टी झाल्या त्या सांगतो कारण बऱ्याच जणांच्या घरी होतात. एक, आईनं झोळी बांधून ठेवलेली आणि बाळाला पोटावर झोपवायचं म्हणायची, आयसीयूत पोटावर ठेवलेलं तिनं बघितलं होतं. मॅडमनी निघताना स्पष्ट सांगितलेलं की तिथं मॉनिटर असतो म्हणून चालतं, घरी झोपताना पाठीवरच, कडक गादीवर, तोंडाजवळ उशी-पांघरूण नको. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. दुसरं, तिसऱ्या आठवड्यात झोपेत हातपाय सटासट उडायला लागले. आमच्या पोटात गोळाच आला, झटके परत आले. मी व्हिडिओ काढला, तसाच उठवला तर जागा झाल्या झाल्या थांबलं एकदम. व्हिडिओ पाठवला, रात्री 11 ला मॅडमचा फोन आला की फक्त झोपेत येतं आणि उठवल्यावर पूर्ण थांबतं म्हणजे बहुतेक झोपेतला मायोक्लोनस आहे, म्हणजे झोपेत स्नायू उडतात, त्यानं काही होत नाही, पण तुमचं बाळ एचआयईचं आहे तर उद्या आणून दाखवा. घरच्या घरी ठरवू नका. दुसऱ्या दिवशी ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख काढला, त्यात झटके नव्हते. त्या गावातल्या पोराला पण मी हेच सांगितलं, व्हिडिओ काढ आणि दाखव, गुगलला विचारत बसू नको.

आता पोरगा धरून उभा राहतोय. डावा हात थोडा मागं आहे, मूठ पटकन उघडत नाही, त्यासाठी सांगलीला फिजिओथेरपी चालू आहे आठवड्यातनं दोनदा. बोलणं म्हणजे आबा आणि दे. आणि झोप मात्र एकदम चांगली, रात्री साडेनऊला झोपला की पाचपर्यंत हूं नाही. मी रात्रपाळीला असलो तरी बायकोला एकदा मेसेज करतोच, झोपला का. ती नुसता वेळ पाठवते, 9.35, 9.20, आणि मी ते टेंपरेचरच्या वहीच्या कडंला लिहून ठेवतो, मॅनेजरनी अजून विचारलेलं नाही ते कशाचे आकडे आहेत.

पुढच्या मंगळवारी परत ईईजी आहे. तो झोपेतला काढायचा असतो, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा आणि मिरजेला पोचेपर्यंत गाडीत झोपू देऊ नका असं सांगितलंय. बायको म्हणाली मला काय त्याला उठवायचं जमणार नाही, तुम्हीच उठवा. पहाटे 4 चा गजर लावलाय.